गळका हौद

टीव्हीवाल्यांनी घराचं जे काही करून ठेवलं होतं त्याला नागम्माकडे एकच शब्द होता, आणि तो चारचौघांत उच्चारण्याजोगा नव्हता. म्हणून ती नुसतं “हं” म्हणायची. बघायला आलेल्या बायका विचारायच्या, “कसं वाटलालंय मग, काकू?” नागम्मा म्हणायची, “हं.” बायकांना वाटायचं, आनंदानं बोलणं सुचत नसेल बिचारीला.

हे सगळं सुरू केलं सुनेनं. वर्षाराणीला दुपारी जेवण झाल्यावर ‘घर नवंकोरं’ बघायची सवय. त्यात काय, तर मुंबईची माणसं कुणाच्या तरी घरात घुसणार, घरच्यांना बारा दिवस बाहेर काढणार, आणि परत आणून डोळ्यांवरची पट्टी सोडली की घरच्यांनी किंचाळायचं. सगळं फुकट. फुकट म्हटल्यावर नागम्माच्या मुलाने, राजशेखरनेही मान डोलावली. त्याचं गंजगोलाईजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान. कागद न वाचता सही ठोकायची सवय त्याला तिथेच लागली असावी. वर्षाराणीने ओल धरलेल्या भिंतीचे चार फोटो पाठवले, खाली दोन ओळी रडकं लिहिलं, आणि ऐन चैत्रात एका सकाळी अकरा माणसं लातूरच्या त्या अरुंद गल्लीत गाड्यांतून उतरली.

अकरातली नऊ काय काम करत होती हे नागम्माला शेवटपर्यंत कळलं नाही. एकजण नुसता छत्री धरून उभा होता. उरलेल्या दोघांत एक निवेदिका. ती चौसष्ट वर्षांच्या नागम्माला पहिल्या मिनिटापासून “आजी” म्हणू लागली आणि प्रत्येक वाक्यागणिक तिचा खांदा दाबू लागली. दुसरा डिझायनर. त्याच्या चष्म्याची काडी पिवळी, विजार घोट्याच्या वर संपलेली, आणि घरातली कुठलीही वस्तू दिसली की तो डोळे मिटून घ्यायचा. भांड्यांची मांडणी बघून मिटले. माळ्यावरच्या वाकळा बघून मिटले. असा माणूस घर दुरुस्त करणार म्हणजे आंधळ्याने सुईत दोरा ओवण्यातला प्रकार, असं नागम्माला तेव्हाच वाटलं होतं. पण सुनेच्या तोंडावर इतका आनंद होता की तिने गिळलं.

अंगणात आल्यावर डिझायनरने फरशीतल्या लोखंडी झाकणावर बुटाचं टोक आपटलं. “हे काय?”

तो हौद होता. लातुरात शहाणा माणूस आधी हौद बांधतो आणि उरलेल्या जागेत घर. नळ आठ-दहा दिवसांनी येणार, तोही मनात आलं तर. मग बाकीचे दिवस माणसानं काय करायचं? नागम्माचा नवरा शिवमूर्ती हा गवंडी. आख्खी गल्ली त्याला मिस्त्री म्हणायची. त्याने हा हौद स्वतः बांधला, मजूर लावला नाही. खोदायला तो, माती उपसायला नागम्मा. दोन टँकर पाणी मावेल एवढा खोल, कोपरे सगळे गोल मारलेले, गिलाव्यावर नुसत्या सिमेंटची घोटाई अशी की हात फिरवला तर घासलेल्या पितळी परातीवरून फिरवल्यासारखा. पहिल्यांदा भरला तेव्हा मिस्त्रीने पाण्याच्या पातळीला कोळशाची रेघ ओढली आणि आठ दिवस सकाळ-संध्याकाळ वाकून बघितली. पाणी रेघ सोडून केसभरही खाली आलं नाही. मिस्त्रीने आयुष्यात दोनशे घरं बांधली असतील, पण मनासारखं काम कोणतं असं विचारलं की तो अंगणाकडे बोट करायचा.

आणि नागम्मा काय म्हणायची? “कसला हौद माय, नुस्ता खड्डा हाय.”

तिकडची रीतच तशी. दुभतं जनावर, भरलेली कणगी, गुटगुटीत लेकरू यांना चारचौघांत नावंच ठेवायची, म्हणजे दृष्ट लागत नाही. हौदालाही तोच नियम. पण नागम्माने त्या रिवाजाचा एके वर्षी भलताच उपयोग केला. रेल्वेने पाणी आणायची वेळ लातूरवर आली त्या उन्हाळ्यात गल्लीतले सगळे हौद खडखडीत झाले होते. मिस्त्रीने मात्र आपला हौद हिवाळ्यातच बोअरवाल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून काठोकाठ भरून घेतला होता. बायका कळशा घेऊन दारात येऊ लागल्या. एकीला दिलं की दहा येणार, या धास्तीने नागम्माने सरळ सांगून टाकलं, “आमचा गळलाय. तळालाच चीर गेली. कोरडा ठणठणीत हाय.” आणि झाकणावर जुनं कुलूप घातलं.

मिस्त्री ओसरीवर बसून ऐकत होता. गवंड्याच्या बायकोने गवंड्याच्या दारात उभं राहून त्याचा हौद गळका म्हणायचा, आणि त्याने मान खाली घालून तंबाखू मळायची. बायका गेल्यावर तो एवढंच म्हणाला, “सांगितलंस ते सांगितलंस.” पुढच्या दोन-तीन वर्षांत गल्लीत तीन नवे हौद झाले. तिन्ही दुसऱ्या मिस्त्रीने बांधले. नवऱ्याला विचारायला कुणी आलं नाही, आणि का आलं नाही हे नागम्माला पक्कं ठाऊक होतं. नंतर तो गेला. खरं सांगायचं राहून गेलं ते गेलंच.

तर डिझायनरने बूट आपटला, निवेदिकेने खांदा दाबला, कॅमेरा वळला. फाटकाशी अर्धी गल्ली उभी. सगळ्यांत पुढे शेजारची कस्तुराबाई आणि तिची मुलगी धम्मप्रिया, जी खासगी दवाखान्यात नर्स आहे. इतक्या कानांसमोर नागम्माला खरं बोलायची सोय नव्हती. ती म्हणाली, “त्यो हौद हाय. गळका हाय मेला. थेंब ठरत न्हाई त्यात.”

“मग आजी, त्रासच आहे तर तो!”

“त्रास म्हंजी काय. बुजवून टाकावं वाटतंय बघा.”

हे म्हणताना हौद तिच्या पायाखाली गळ्यापर्यंत भरलेला होता. परवाच नळ येऊन गेला होता. पण दृष्ट लागू नये म्हणून बोललेलं कुणी खरं धरतं का? लातुरात तरी धरत नाहीत. कुणी लेकराला “लई वाळलंय” म्हटलं तर त्याला उचलून दवाखान्यात नेत नाहीत.

बारा दिवस घरची सगळी नांदेडला, नागम्माच्या मुलीकडे, सुकन्याकडे राहिली. सुकन्याकडे नळ रोज येतो. नागम्माला तिथे सकाळी उठून करायलाच काही नसायचं. ती बाल्कनीत बसून म्हणायची, “हौदाचं झाकण नीट लावतात का न्हाई कुणास ठाऊक. घूस पडंल.” वर्षाराणी म्हणायची, “आत्याबाई, ती मोठी माणसं हायत.” मोठ्या माणसांना झाकण लावता येतं हे नागम्माला पटत नव्हतं, आणि त्या बाबतीत तिचं काही चुकलं नाही, कारण त्यांनी झाकणच ठेवलं नाही.

तेराव्या दिवशी डोळ्यांवर पट्टी बांधून तिघांना फाटकाशी उभं केलं. निवेदिकेने एक, दोन, तीन म्हटलं. पट्टी सुटली. वर्षाराणी ठरल्याप्रमाणे किंचाळली. राजशेखरने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. नागम्माने घराकडे बघितलंच नाही. तिने खाली बघितलं. जिथे झाकण होतं तिथे लाकडाच्या फळ्या, फळ्यांवर प्लॅस्टिकचं हिरवं गवत, दोन वेताच्या खुर्च्या, आणि मधोमध कारंजं. कारंज्यात बुद्धाचं नुसतं मस्तक ठेवलेलं आणि त्याच्या कपाळावरून पाणी ओघळतंय. लातुरात. चैत्र-वैशाखात. कारंजं.

“हौद कुठाय?” तिने विचारलं.

“बुजवला, आजी! मोरीचा, भिंतींचा सगळा राडारोडा आत भरला आणि वरून काँक्रीट. तुमची कटकट कायमची संपली!”

नागम्मा तिथेच, त्या प्लॅस्टिकच्या गवतावर बसली आणि मोठ्याने रडू लागली. कॅमेरावाला पळत पळत जवळ आला. निवेदिकेचेही डोळे भरून आले. तिचे फार पटकन भरायचे, कामच ते.

घरात तर बघायलाच नको. एक भिंत जांभळी, एकीवर विटांच्या चित्राचा कागद. खरी वीट आतमध्ये, तिच्यावर गिलावा, गिलाव्यावर विटेचं चित्र. मिस्त्री असता तर त्याने जेवण सोडलं असतं. माळा काढून टाकलेला आणि वाकळा कुठे गेल्या त्याचा पत्ता नाही. स्वयंपाकघराला दार नाही. फोडणी दिली की बैठकीतला पाहुणा शिंकतो. छताला टोपलीएवढा दिवा इतका खाली टांगलेला की राजशेखर पहिल्या दिवशी चारदा धडकला आणि पाचव्यांदा धडकल्यावर त्याने त्याला शिवी दिली. फळीवर पुस्तकं रचलेली. वर्षाराणीने एक ओढून बघितलं तर चारही हातात आली, एकमेकांना चिकटवलेली, आत पान एकही नाही. देव्हाऱ्यामागे निळा दिवा लावलेला. सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसलं की बस स्थानकावरच्या रसवंतीत बसल्यागत वाटायचं.

कस्तुराबाई बघायला आली तेव्हा कारंज्याजवळ बराच वेळ थांबली. “धड कुठं हाय ह्यांचं?” तिने विचारलं.

“त्या टीव्हीवाल्यायला मुंडकंच लागतंय माय शोभेला,” नागम्मा म्हणाली.

कस्तुराबाई आत न येताच परत गेली. दुसऱ्या दिवशी नागम्माने ते मस्तक उचलून, फडक्याने पुसून तिच्या घरी पोचवलं. राजशेखरने सही केलेल्या कागदावर लिहिलं होतं की कार्यक्रम दाखवला जाईपर्यंत घरातली एकही वस्तू हलवायची नाही. नागम्मा त्याला म्हणाली, त्या कागदाची सुरळी कर.

आणि मग नळ आला. गल्लीत बोंब उठली, मोटारी घरघरल्या, घरोघरचे हौद गटगट पिऊ लागले. नागम्माच्या घरी तिघंजण बादल्या, पातेली, दोन ड्रम, लग्नात आलेले डबे भरत धावत होते. पाऊण तासात नळ गेला. तिसऱ्या दिवशी ड्रम संपले. राजशेखर दुकान बंद ठेवून टँकरवाल्यांच्या मागे हिंडू लागला. टँकर मिळाला तर पाणी घ्यायचं कशात? चौथ्या दिवशी त्याने मुंबईला फोन लावला. आवाज मोठा करून ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं.

“सर, हौद तुमच्या मातोश्रींनीच बुजवायला सांगितला,” पलीकडची बाई मधाळ बोलली. “आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे. गळका आहे, थेंब ठरत नाही, असं त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलंय.”

राजशेखरने आईकडे बघितलं. वर्षाराणीने सासूकडे बघितलं.

“म्हणले असंन,” नागम्मा म्हणाली. “त्यायला अक्कल नगं? झाकण उघडून बघायचं न्हाई? पाण्यात राडारोडा टाकताना बुडबुड आवाज आला नसंल?”

“अव्वा, आपण त्यायच्यावर तक्रार करू,” राजशेखर म्हणाला. “पेपरवाल्यायला बोलवू. हौद चांगला होता म्हणून गल्लीतले चार साक्षीदार आणू.”

इथे नागम्मा अडकली. गल्लीतला एकही माणूस तसं म्हणणार नव्हता. गल्लीला त्या उन्हाळ्यापासून पाठ होतं की मिस्त्रीचा हौद गळका. हौद चांगला होता असं म्हणायचं तर आधी ती खोटं बोलली होती असं म्हणावं लागणार, तेही कळशा घेऊन दारातून परत गेलेल्या बायकांसमोर. आणि न म्हणावं तर मिस्त्रीच्या नावाला लागलेला तो डाग तसाच राहणार, आता तर टीव्हीवरून सगळ्या महाराष्ट्राला दिसणार. “नगं साक्षीदार,” ती म्हणाली. “खामखा तमाशा नगं.” आणि त्या दिवसापासून तिने टीव्हीवाल्यांना शिव्या द्यायचं प्रमाण दुप्पट केलं, कारण दुसरं काही करता येत नसलं की माणसाला तेवढंच उरतं.

भाग दाखवला गेला तो एका रविवारी दुपारी. नागम्माला तो बघायचा नव्हता, पण गल्लीने तिला विचारलं नाही. पंधरा-वीस बायामाणसं जांभळ्या भिंतीच्या बैठकीत येऊन बसली. वर्षाराणीने कुणाकुणाला दिव्यापासून डोकं सांभाळायला सांगत चहा दिला. कस्तुराबाई आणि धम्मप्रिया पुढेच, सतरंजीवर.

टीव्हीत आधी घर काळंकुट्ट दाखवलं, इतकं की ते आपलंच आहे हे राजशेखरलाही पटेना. मग डिझायनर आला. अंगणात उभा राहून, डोळे मिटून म्हणाला, “सगळ्यांत भयानक होती ही टाकी. अत्यंत निकृष्ट बांधकाम! कुणा अडाण्यानं बांधली असेल. आजींचं आयुष्य हिनं नरक करून टाकलं होतं.” त्यानंतर नागम्मा स्वतःच दिसली, पदर नीट केलेली, कॅमेऱ्याकडे बघून हसत. “गळका हाय मेला. थेंब ठरत न्हाई त्यात.” मग बासरी वाजली. नागम्मा प्लॅस्टिकच्या गवतावर बसून रडताना दिसली, आणि खाली अक्षरं आली, आजींचे आनंदाश्रू.

बैठकीतल्या दोघी-तिघींनी डोळे टिपले. कस्तुराबाई मायेने नागम्माच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “गेली पीडा, बरंच झालं. मिस्त्री देवमाणूस व्हता, वैनी. पण तेवढ्या हौदात हात चुकला त्येचा. व्हतंय एखांद्याचं.”

निकृष्ट म्हणणाऱ्याला नागम्माने शिव्या घातल्या असत्या आणि चहा प्यायली असती. पण हे मायेचं बोलणं तिला सोसवेना. अडाणी म्हणणारा मुंबईचा होता, त्याची किंमत शून्य. ही शेजारीण तीस वर्षांपासूनची होती आणि मिस्त्रीला माफ करत होती, त्याने न केलेल्या चुकीबद्दल.

“हात चुकला न्हाई त्येंचा,” नागम्मा म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की राजशेखरने टीव्ही बारीक केला. “त्येंच्या हौदातून एक थेंब कधी गळला न्हाई. असला हौद लातुरात कुणाच्या बापानं बांधला न्हाई. त्येंच्या हातचं सगळ्यात चांगलं काम ती व्हतं. गळका मी म्हणले. मीच म्हणले, आणि त्येंनी ऐकून घेतलं.”

बोलून झालं तेव्हा तिला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्या हौदाबद्दल चांगलं बोलली होती, आणि आता दृष्ट लागायलाही हौद उरला नव्हता. वर्षाराणी चहाचा ट्रे धरून तशीच उभी राहिली. धम्मप्रियाच्या कपाळावर आठी पडली. ती मनात काहीतरी मागे मोजत होती.

“काकू,” ती हळूच म्हणाली. “रेल्वेच्या पाण्याच्या वर्षी मी दहावीला होते. मम्मी टँकरच्या रांगेतून चार कळशा आणायची. तीन आम्हाला, एक तुम्हाला. तुमचा हौद गळलाय म्हणून. दोन महिने रोज आणून दिली तिनं. मी भांडायचे तिच्याशी, मला केस धुवायला पाणी नसायचं. त्या पाण्याचं तुम्ही काय केलं?”

नागम्माला अजूनही खोटं बोलता आलं असतं. मोरीत गेलं, झाडांना घातलं, काहीही. पण मिस्त्रीबद्दल खरं बोलून झाल्यावर जिभेला खोट्याकडे वळायला जमेना.

“हौदात वतत व्हते,” ती म्हणाली.

“भरलेल्या?”

“भरलेल्या.”

कस्तुराबाईने गुडघ्यावरचा हात काढून घेतला. चहाचा कप खाली ठेवला. तो अर्धा भरलेला होता. तिला राग आला असता तर नागम्माला उत्तर सुचलं असतं, रागाला तिच्याकडे कधी तोटा नव्हता. पण कस्तुराबाईचा चेहरा रागाचा नव्हता. उठायला तिला वेळ लागला, गुडघे दुखतात तिचे, रांगेत उभं राहून राहून धरले तेव्हापासून. धम्मप्रियाने तिला हात दिला.

दारापर्यंत जाऊन ती वळली. “मंग मिस्त्रीचा हात चुकला न्हवता,” ती म्हणाली, आणि चप्पल घालून गेली.